एकशे चौतीस की एकशे तीस

गंगाराम नागवेकर पळायला लागले त्या पहिल्याच सकाळी येसूबाईने त्यांना मागे टाकलं, आणि येसूबाई पळत नव्हती. डोक्यावर मासळीची, बांगड्यांनी भरलेली पाटी, तोंडात पान, आणि मागून येणाऱ्या बाईशी मान न वळवता चाललेलं भांडण, एवढा सगळा संसार घेऊन ती मांडवीच्या रस्त्याने मागून आली, क्षणभर बरोबरीने चालली, "नागवेकरानू, वायच बाजूला व्हा" म्हणाली आणि पुढे निघून गेली. नागवेकर पळतच होते. ते पळत होते याला पुरावे दोनच. एक, त्यांचे दोन्ही हात कोपरात वाकवलेले होते. दोन, पायांत नवे पांढरे कॅनव्हासचे बूट होते. बाकी वेगाच्या बाबतीत रस्त्याकडेच्या बकऱ्यासुद्धा त्यांना वाट देण्याची तसदी घेत नव्हत्या.

सरकारी कचेरीत तेवीस वर्षं काढलेल्या वरिष्ठ लिपिकाने इतकं सावकाश का पळावं, तर त्याला कारण होतं. आदल्या जानेवारीत जिल्ह्यातल्या कर्मचाऱ्यांची दहा किलोमीटरची शर्यत झाली. तिच्यात नागवेकर पहिले दोन किलोमीटर सगळ्यांच्या पुढे होते. त्यांच्याच कचेरीतला सदू शेट्ये, जो कॉलेजात असल्यापासून ढाली-करंडक मिळवत आला होता, तोही पन्नास पावलं मागे होता. तिसऱ्या किलोमीटरला नागवेकर मैलाच्या दगडावर बसले, आणि मग त्या दगडावरून खाली बसले. त्यांना परत आणायला समितीचं वाहन नव्हतं, म्हणून मच्छीवाल्यांना बर्फ पोचवून येणाऱ्या टेंपोत, उरलेल्या लाद्यांच्या शेजारी, भुशात निजवून आणलं. पुढे महिनाभर कचेरीत कुणी सरबत केलं की हाक यायची, "नागवेकर, बर्फ आहे का?"

माणूस मार विसरतो, बर्फ विसरत नाही. येत्या जानेवारीत शर्यत पुरी करायची, शेवटचा आलो तरी चालेल पण स्वतःच्या पायांवर यायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. कसं, ते माहीत नव्हतं. ते सांगितलं केरूने.

केरू हा त्यांचा मेहुणा, मथुराबाईंचा धाकटा भाऊ, जहाजावर नोकरीला. गणपतीला रजेवर आला तेव्हा त्याने मोदक खाता खाता निदान केलं, "भावोजी, तुमचं चुकतं ते एवढंच की तुम्ही पळता."

"मग शर्यतीत काय करायचं? बसायचं?"

"ते गेल्या वर्षी केलंत," केरू म्हणाला. मग मात्र त्याने नीट समजावलं. त्याच्या जहाजावर स्टेफान नावाचा एक जर्मन इंजिनिअर होता. अठ्ठावन्न वर्षांचा, आणि रोज डेकवर दोन-दोन तास पळायचा, घाम नाही की धाप नाही. त्याचं गुपित असं, की एकशे ऐंशीतून आपलं वय वजा करायचं. जो आकडा येईल त्याच्यावर मिनिटाची नाडी जाऊ द्यायची नाही. गेली की वेग कमी करायचा. तरी गेली तर चालायचं. असं चार महिने केलं की तेवढ्याच नाडीत पाय आपोआप जोरात पडायला लागतात, आणि मग माणूस थकतच नाही.

"नाडी कळायची कशी?"

"थांबायचं, दोन बोटं इथं जबड्याखाली ठेवायची, घड्याळात दहा सेकंद ठोके मोजायचे, सहाने गुणायचं." केरूने हे सगळं आरतीच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून दिलं, आणि गौरी-विसर्जनानंतर तो मुंबईला जाऊन जहाजावर चढला. म्हणजे शंका विचारायला जो एकमेव माणूस होता तो पृथ्वीच्या पलीकडे गेला, आणि शंका तर दुसऱ्याच दिवशी सुरू झाल्या.

पहिली शंका वयाची. सर्व्हिस बुकात नागवेकरांची जन्मतारीख एक जून एकोणीसशे चाळीस अशी होती, म्हणजे वय शेहेचाळीस आणि आकडा एकशे चौतीस. पण एक जून ही तारीख त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची होती, कारण ती आयांनी नव्हे, मास्तरांनी ठरवलेली होती. म्हणून खात्री करून घ्यावी एवढ्याच हेतूने त्यांनी आईला, तुळसाबाईंना, विचारलं.

तुळसाबाई माजघरात तांदूळ निवडत होत्या. त्यांना कमी ऐकू येई, त्यामुळे सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं अशी त्यांची समजूत होती. "तू झालास त्या साली आपली बांडी म्हैस पयल्यांदा व्याली," त्या मोठ्यांदा म्हणाल्या. "तुज्या मास्तरान चार वर्सं कमी लिवलान. पन्नास झाली तुला! पन्नास!"

"आये, हळू!" नागवेकर दचकून भिंतीकडे बघत म्हणाले. भिंतीपलीकडे हरिश्चंद्र सुर्वे राहत होते, आणि सुर्वे कचेरीत आस्थापना शाखेला होते. कुणाचं वय काय, कुणाची निवृत्ती कधी, हे सगळं त्यांच्या कपाटात. मास्तरांनी बहाल केलेली ती चार वर्षं नागवेकरांनी आजवर काचेच्या भांड्यासारखी जपली होती.

आता प्रश्न असा उभा राहिला की हृदय सर्व्हिस बुकाप्रमाणे चालतं की आईच्या सांगण्याप्रमाणे? पन्नास धरले तर आकडा एकशे तीस. चार ठोक्यांचा फरक. दिसायला किरकोळ, पण ज्याने आयुष्यभर टाचण्या मोजल्या त्याला चार ठोके हरवल्यासारखे वाटू शकतात. शेवटी त्यांनी तोडगा काढला. सोमवार ते शनिवार सरकारी वय, रविवारी खरं.

त्यातून तरी सुटावं, तर दुसरी अडचण गणिताची. दहा सेकंदांत बावीस ठोके पडले की सहाने गुणून एकशे बत्तीस होतात, तेवीस पडले की एकशे अडतीस. एकशे चौतीस होतच नाहीत. एकशे तीससुद्धा होत नाहीत. म्हणजे बावीस ठोके हे सर्व्हिस बुकाप्रमाणे नियमात आणि आईप्रमाणे गुन्हा. नागवेकर मांडवीच्या जेटीवर गळ्याशी हात धरून उभे राहत आणि एक तृतीयांश ठोका कुठे मोजता येईल याचा विचार करत. तेवढ्या वेळात नाडी उतरून जाई आणि पुन्हा पहिल्यापासून पळावं लागे.

गळ्याशी धरलेल्या त्या हाताने पुढचा घोटाळा केला. चौथ्या-पाचव्या दिवशी येसूबाई परत येत होती. नागवेकर रस्त्याच्या मधोमध जबड्याखाली दोन बोटं रुतवून, डोळे घड्याळावर, ओठ हलताहेत, असे उभे. येसूबाईने पाटी धाडकन खाली ठेवली.

"अगो बाय माजे! काटा अडकला!"

नागवेकरांनी दुसऱ्या हाताने थांबण्याची खूण केली, कारण सतरापर्यंत मोजून झालं होतं आणि बोललं असतं तर आकडा सुटला असता. येसूबाईने त्या खुणेचा अर्थ बोलणंसुद्धा बंद झालं असा घेतला. "कालची पेडवी मासळी माजीच व्हती," ती रडवेली झाली. "भाताचा मुटका गिळा, चावू नका! कोरडा गिळा!" आणि त्यांच्या पाठीत तिने असा गुद्दा घातला की त्या दिवशीची नाडी मोजण्यात अर्थ राहिला नाही.

नागवेकर घरी पोचायच्या आत बातमी आळीत पोचली होती. ओट्यावर चार केळी, एक भाताचा मुटका आणि पाच माणसं वाट बघत होती. सुर्वेही होते. त्यांच्या मते काटा खाली गेला नसेल तर रजेचा अर्ज आजच टाकायला हवा, मागाहून टाकला तर अर्जित रजा कापतात. नागवेकर सांगत होते की मी नाडी मोजत होतो. त्यावर कुणीतरी म्हणालं, "असं म्हणजे नाडीपर्यंत गेलाय काटा?" शेवटी मथुराबाईंनी "खाऊन टाका एकदाचे" म्हटलं, आणि नागवेकरांनी पाच साक्षीदारांसमोर न अडकलेल्या काट्यासाठी कोरडा मुटका गिळला. तो मात्र खरंच अडकला.

मांडवीला लोक फार भेटतात म्हणून त्यांनी रस्ता बदलला आणि वरच्या अंगाला, मिरजोळ्याच्या बाजूला पळायला जाऊ लागले. पण रत्नागिरी हे गाव देवाने पळणाऱ्यांसाठी केलेलं नाही. जरा सपाट लागलं की पुढे चढ, आणि चढाला चार पावलं टाकली की नाडी एकशे पन्नास. नियम म्हणजे नियम. नागवेकर चालायला लागत. चढ फारच उभा असला तर चालूनही आकडा ओलांडे, मग ते उभेच राहत. कचेरीतला शिपाई भागोजी रोज सकाळी मिरजोळ्याहून चालत कामावर येई. त्याने एकदा नागवेकरांना घाटीच्या मध्यावर स्तब्ध उभं पाहिलं.

"सायेब, कुणाची वाट बघतासा?"

"पळतोय रे."

भागोजीने त्यांच्या पायांकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि अदबीने म्हणाला, "आसंल. मी फुडं होऊ का?" आणि तो उतारावरून तरातरा दिसेनासा झाला.

मथुराबाई आधी गप्प होत्या, पण दिवाळीच्या सुमारास त्यांचा धीर सुटला. "पळायचं तर नीट तरी पळा," त्या म्हणाल्या. "बायका मला विचारतात. त्यांना वाटतं तुम्ही माझ्याशी भांडून घराबाहेर पडलायत, आणि परत यायचं की नाही ते अजून ठरत नाहीये."

नागवेकरांनी केरूला दोन पानी पत्र लिहिलं. वय खरं धरावं की नोंदीतलं, एक तृतीयांश ठोक्याचं काय करावं, चढावर उभं राहिलेलं पळण्यात धरतात का, अशा एकंदर अकरा शंका क्रमांक घालून विचारल्या. उत्तर आलं ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, तीन देशांचे शिक्के खाऊन. "भावोजी," केरूने लिहिलं होतं, "स्टेफान जहाज सोडून गेला. एकशे ऐंशी की एकशे सत्तर हे आता मला नक्की आठवत नाही. बाकी सर्व ठीक. ताईला नमस्कार."

नागवेकरांनी पत्राची घडी घालून ते आरतीच्या पुस्तकात ठेवलं. चार महिने आपण एका विसरलेल्या आकड्याशी इमान राखत आलो, ही भावना शब्दांत सांगण्यासारखी नव्हती.

आणि तरीही काहीतरी घडत होतं. मांडवीला जाऊन यायला जिथे पूर्वी पंचेचाळीस मिनिटं लागत तिथे आता तीस लागू लागली होती, आणि ठोके तेच, बावीस. घाटीत उभं राहावं लागत नव्हतं. एके सकाळी त्यांनी येसूबाईला मागे टाकलं. ती म्हणाली, "काटा निघाला जणू!" आपण चुकीच्या आकड्याने बरोबर झालो की बरोबर आकड्याने चुकून झालो, हे काही त्यांना उलगडेना. पण शर्यतीला पंधरा दिवस राहिले होते. त्यांनी फॉर्म भरला.

यंदा समितीने, आदल्या वर्षीच्या 'एका प्रसंगावरून', वैद्यकीय दाखला सक्तीचा केला होता. तो प्रसंग कोणता हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणी बोलून दाखवलं नाही. समितीने नेमलेले डॉक्टर वयस्कर आणि कागदाला चोख होते. त्यांनी नागवेकरांचं मनगट धरलं, घड्याळ पाहिलं, पुन्हा धरलं.

"पन्नास," ते म्हणाले. "चक्कर येते का?"

"नाही. मी पळतो डॉक्टर. त्याने कमी होते."

"पळून वाढते," डॉक्टर म्हणाले. "इथे छापलंय, साठ ते शंभर. तुम्ही नियमात बसत नाही. उद्या या."

चार महिने जी खाली ठेवायला धडपडलो ती आता वर कशी न्यायची, या विवंचनेत नागवेकर दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या जिन्याशी आले. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून जिना तीनदा चढले-उतरले आणि थेट आत शिरले. डॉक्टरांनी मोजली. "एकशे अठरा." त्यांनी चष्मा काढला. "काल पन्नास, आज एकशे अठरा. तुमचं नक्की चाललंय काय?"

"दोन्हींची सरासरी चौऱ्याऐंशी येते," नागवेकर अजिजीने म्हणाले. "ती नियमात बसते."

डॉक्टरांनी फॉर्मवर लिहिलं, 'नाडी स्थिर नाही. धावण्यास अपात्र.'

 नागवेकरांनी घरी आल्यावर बूट खडू लावून पांढरे केले आणि फडताळात ठेवून दिले. मथुराबाईंनी ते बूट पाहिले. जेवताना तळलेल्या सुरमईचा मोठा तुकडा न मागता त्यांच्या पानात पडला, आणि तो पाहून त्यांना आणखीच वाईट वाटलं.

दोन दिवसांनी त्यांच्या टेबलावर लेखी आदेश आला. त्यांचा उत्साह लक्षात घेऊन समितीने त्यांची 'वळण-पंच' म्हणून नेमणूक केली होती. मिरजोळे फाट्यावर लाल निशाण घेऊन उभं राहावं, धावपटू तिथून माघारी वळतील, आदेशाशिवाय जागा सोडू नये. पुढे स्कूटरवर वाट दाखवायला सुर्वे असतील.

शर्यतीच्या सकाळी नागवेकरांना मिरजोळ्याला नेऊन सोडलं. त्यांनी बूट घातले होते. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. फाट्यावर ते निशाण धरून उभे राहिले. अर्धा तास झाला. एवढ्यात त्यांना दिसलं की औद्योगिक वसाहतीकडून नवा रस्ता झाला आहे, आदेश लिहिणाऱ्याच्या गावी नसलेला, आणि तो मूळ रस्त्याला फाट्याच्या दोनशे पावलं पुढे जाऊन मिळतो. त्या नव्या रस्त्याने सुर्वे यांची स्कूटर आली, मागोमाग अकरा धावपटू, सगळ्यांत पुढे सदू शेट्ये. आणि सगळे न वळता सरळ निघाले.

"अहो सुर्वे! इकडे!" नागवेकर ओरडले, निशाण फडकवलं. वारा उलटा होता. सुर्वे यांना सूचना अशी होती की लाल निशाण दिसेल तिथे वळा. निशाण पुढे कुठे दिसेना, म्हणून ते पुढे पुढे जात राहिले. निशाण त्यांच्या पाठीमागे होतं.

आदेशाशिवाय जागा सोडू नये. नागवेकरांनी खिशातला आदेश चाचपला. तेवीस वर्षांत त्यांनी सोडायला नको ती जागा कधी सोडली नव्हती. मग त्यांनी निशाण बगलेत मारलं आणि ते पळाले.

पहिला धावपटू त्यांना किलोमीटरभरात भेटला, मोरीवर बसून पोटरी चोळत होता. "परत फिर, वळण मागे राहिलं," नागवेकर न थांबता म्हणाले. पुढे दोघे एका अंगणात पाणी पीत होते. त्यांनाही सांगितलं. मग चढ लागला, आणि चढावर एकामागून एक सगळे सापडू लागले. कुणी कमरेवर हात ठेवून, कुणी आंब्याला टेकून, कुणी सुर्वे यांच्या नावाने शब्द काढत. दहा किलोमीटरला पुरवून आणलेला दम वळण येईना तसा वाटेतच सांडला होता. नागवेकर प्रत्येकाला तेच एक वाक्य सांगत चढत गेले. वर पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण आठ-नऊ माणसांशी बोललो, चढ संपला, आणि आपल्याला धाप लागलेली नाही. मोजायला बोटं वर गेली, पण एकशे चौतीसशी ताडून पाहायचं, एकशे तीसशी की एकशे चोवीसशी, ते ठरेना. बोटं खाली आली.

चौथ्या किलोमीटरला काजूच्या झाडाखाली सदू शेट्ये उताणा पडला होता आणि शेजारी सुर्वे स्कूटर आडवी करून पेट्रोल शोधत होते.

"नागवेकर?" सदूने एक डोळा उघडला. "तुम्ही कशात आलात?"

"पळत," नागवेकर म्हणाले.

सदू उठून बसला. त्याने त्यांच्या कोरड्या शर्टाकडे पाहिलं. बर्फाची थट्टा सर्वांत जास्त त्यानेच केली होती. आता तो म्हणाला, "जरा हात द्या," आणि नागवेकरांनी त्याला उभं केलं.

थोड्या वेळाने समितीचा टेंपो वाटेत पडलेल्यांना गोळा करत आला. सदू चढला, सुर्वे चढले, स्कूटरही चढली. नागवेकरांनी पाय उचलला तसा ड्रायव्हरने हातातली यादी पाहिली. "तुमच्या छातीवर नंबर नाही. स्पर्धकांनाच घ्यायला सांगितलंय."

"स्कूटरला नंबर आहे का?"

"तिला आहे," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

टेंपो गेला. मैदान तिथून नऊ किलोमीटर होतं. नागवेकरांनी निशाण या बगलेतून त्या बगलेत घेतलं आणि निघाले. कातळावर ऊन तापायला लागलं होतं, लांबवर खाडी चमकत होती, आणि रस्त्यावर ओळखीचं कुणीही नव्हतं. ते मैदानात पोचले तेव्हा मांडव उतरवत होते. अकराच्या अकरा जण बाद झाल्याने निकाल रद्द झाला होता आणि बक्षिसं कपाटात परत गेली होती. एका मांडववाल्याने त्यांच्या हातातलं निशाण घेतलं आणि दोरीच्या ढिगात टाकलं.

सोमवारी ज्ञापन आलं. मसुदा सुर्वे यांचा होता. 'आपण नेमून दिलेल्या जागेवरून पूर्वपरवानगीशिवाय पळून गेलात असे निदर्शनास आले आहे. याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.'

नागवेकरांनी आजवर पानभराखाली कधी खुलासा लिहिला नव्हता. त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहिलं, 'पळून गेलो हे खरे आहे. पळतच परत आलो. एकूण अंतर तेरा किलोमीटर. माहितीसाठी सविनय सादर.'

आठवड्याने साहेबांच्या शेऱ्यासह प्रत परत आली. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'नोंद घेतली. तेरा किलोमीटर बरोबर आहे, गाडीच्या मीटरवर तपासले. प्रकरण बंद.' खाली सही, तारीख, गोल शिक्का.

संध्याकाळी ओट्यावर मथुराबाईंनी तो कागद वाचला, उलटून पाहिला. "ही शिक्षा आहे की शाबासकी?"

"नक्की कळत नाहीये," नागवेकर म्हणाले. पण कागद त्यांनी तिच्या हातून लगेच परत घेतला, कारण तिची बोटं ओली होती.

"काय लिवलानी रे त्यात?" तुळसाबाईंनी आतून विचारलं.

"मी पळालो, असं लिहिलंय, आये."

"कुणी? सरकारान?"

"सरकारानं!" नागवेकर ओरडून म्हणाले. भिंतीपलीकडे स्वच्छ ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा.